दहाव्या दिवसाची लघवी: लायडनमधलं एक प्रकरण

किडनी बसवून दहा दिवस झालेत. टाके कोरडे आहेत, ताप नाही, सोनोग्राफीत नव्या किडनीतला रक्तप्रवाह व्यवस्थित दिसतोय. डायलिसिस मात्र सुटलेलं नाही. आज क्रिएटिनिन (किडनीनं बाहेर टाकायचा, रक्तात मोजला जाणारा टाकाऊ पदार्थ) उतरलं, पण ते कालच्या डायलिसिसनं उतरलं की किडनीनं उतरवलं, हे सांगता येत नाही. पिशवीत थोडी लघवी जमलेली आहे. ती नव्या किडनीची की रुग्णाच्या स्वतःच्या जुन्या किडन्यांची, हेही कळत नाही (जुन्या किडन्या सहसा काढत नाहीत, त्या जागच्या जागीच राहतात). नातेवाईक वहीत दर तासाची लघवी लिहून ठेवतात आणि राउंडला आलेल्या प्रत्येक डॉक्टरांना एकच विचारतात, "डॉक्टर, कधी चालू होईल?"

कुठल्याही ट्रान्सप्लांट वॉर्डात हा प्रसंग येतो. डॉक्टर त्याला डिलेड ग्राफ्ट फंक्शन म्हणतात, म्हणजे बसवलेली किडनी उशिरा चालू होणं. नातेवाइकांच्या त्या प्रश्नाचं उत्तर लघवीतल्या बारीकसारीक रेणूंमधून शोधण्याचा एक प्रयत्न नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठाच्या रुग्णालयात झाला. त्याचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. मेटाबोलोमिक्सबद्दल, म्हणजे शरीरातले असे बारीक रेणू एकदम मोजण्याच्या शास्त्राबद्दल, बोलताना लोक लगेच "एका थेंबात सगळं कळेल" अशी स्वप्नं रंगवतात. या प्रकरणात तसं काही नाही. एक नेमका प्रश्न आहे, मोजकी माणसं आहेत आणि मर्यादित पण खरं उत्तर आहे. म्हणूनच ते सविस्तर मांडावंसं वाटलं.

लायडनच का

या गावाचं आणि या विषयाचं नातं जुनं आहे. कृत्रिम किडनीचं प्रत्यक्ष कामी आलेलं पहिलं यंत्र विलेम कोल्फ यांनी दुसऱ्या महायुद्धात, जर्मन ताब्यातल्या कांपेन गावात १९४३ साली चालवलं. सॉसेजच्या आवरणासाठी वापरतात त्या सेलोफेनच्या नळ्या लाकडी पिंपाभोवती गुंडाळून त्यांनी रक्त गाळलं. कोल्फ वैद्यकशास्त्र शिकले ते लायडनला. दात्याच्या आणि रुग्णाच्या ऊतींचा मेळ बघून देशोदेशींमध्ये अवयव वाटणारी युरोट्रान्सप्लांट ही संस्थाही लायडनचीच. योन व्हान रोड यांनी ती १९६७ साली उभी केली. आणखी एक गोष्ट मला फार आवडते. लघवीतले रेणू ओळखायला ज्या एनएमआर यंत्राचा उपयोग होतो, त्याचं चुंबक द्रव हेलियममध्ये, उणे २६९ अंशांच्या आसपास बुडवून ठेवावं लागतं. तो हेलियम जगात पहिल्यांदा द्रवरूप झाला १९०८ साली, कामरलिंग ओन्नेस यांच्या प्रयोगशाळेत, याच गावात.

किडनी झोपते कशी

आपल्याकडे मृत्यूनंतरचं किडनीदान बहुतांशी मेंदूमृत दात्याकडून होतं. मेंदू गेलेला असतो, पण यंत्रावर हृदय चालू असतं, त्यामुळे अवयव काढेपर्यंत किडनीला रक्त मिळत राहतं. नेदरलँड्समध्ये याच्या जोडीला हृदय थांबल्यानंतरचं दानही मोठ्या प्रमाणावर होतं. त्याचे जे प्रकार आज जगभर मानले जातात, ते १९९५ साली तिथल्याच मास्ट्रिख्ट शहरातल्या बैठकीतून आले. उपचारांचा उपयोग नाही असं ठरल्यावर कृत्रिम श्वास काढून घेतात. हृदय थांबतं. त्यानंतर पाच मिनिटं कुणी शरीराला हात लावत नाही. मग शस्त्रक्रिया सुरू होते.

ही मिनिटं किडनीला महागात पडतात. शरीर अजून उबदार असतं, म्हणजे पेशींची भूक तीच असते, रक्त मात्र बंद झालेलं असतं. किडनी हा खादाड अवयव आहे. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा साधारण पाचवा हिस्सा एकट्या किडन्यांकडे जातो. दिवसाला १८० लिटरच्या आसपास द्रव गाळला जातो आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा परत आत ओढला जातो. हे ओढण्याचं काम नलिकांच्या पेशी करतात, विशेषतः सुरुवातीच्या भागातल्या. त्या पेशी मायटोकाँड्रियांनी (पेशीतल्या ऊर्जेच्या भट्ट्यांनी) गच्च भरलेल्या असतात आणि मुख्यतः चरबी जाळून ऊर्जा मिळवतात. प्राणवायू नसेल तर चरबी जळत नाही. मग पेशी नाइलाजानं साखर अर्धवट फोडून दिवस काढते आणि लॅक्टेट साठत जातं. एटीपी हा पेशीचा रोखीचा पैसा. तो संपतो आणि मोडतोड होत होत त्याचं हायपोझॅन्थिन होतं. पुढे बर्फात ठेवल्यावर हे सगळं मंदावतं, पण थांबत नाही.

ब्रिटनमधल्या २०१० सालच्या एका मोठ्या अभ्यासात हृदय थांबल्यानंतरच्या दात्यांच्या किडन्यांपैकी ४९ टक्के उशिरा चालू झाल्या; मेंदूमृत दात्यांमध्ये हे प्रमाण २५ टक्के होतं. तरी पाच वर्षांनी दोन्ही प्रकारच्या किडन्या सारख्याच टिकून होत्या. म्हणजे यातल्या बहुतेक किडन्या मेलेल्या नसतात, झोपलेल्या असतात. किती वेळ झोपतील, एवढंच आधी कळत नाही.

आधी काय काय करून पाहिलं

झोपच लागू नये म्हणून लायडनमध्येच एरिथ्रोपोएटिनचा प्रयोग झाला. डायलिसिसच्या रुग्णांना रक्त वाढवायला आपल्याकडेही याची इंजेक्शनं देतात. प्राण्यांमध्ये त्यानं किडनी वाचते असं दिसलं होतं. हृदय थांबल्यानंतरच्या दात्यांची किडनी घेतलेल्या ९२ जणांवर हे औषध मोठ्या मात्रेत तपासलं गेलं. २०१२ साली निकाल आला: किडनी लवकर चालू झाली नाही, उलट रक्ताच्या गुठळ्या जास्त झाल्या.

मग तिथल्या शल्यचिकित्सकांनी ऑपरेशन टेबलावरच मोजमाप सुरू केलं. रक्त पुन्हा सुरू झाल्यापासून अर्ध्या तासात ठरावीक वेळांनी, नव्या किडनीत शिरणाऱ्या आणि तिच्यातून बाहेर येणाऱ्या रक्ताचे नमुने घेतले आणि दोन्हींमधला फरक पाहिला. किडनी आत काय घेते आणि बाहेर काय टाकते, याचा हा थेट हिशेब. ज्या किडन्या पुढे वेळेवर चालू झाल्या, त्यांच्यात हायपोझॅन्थिनचं बाहेर येणं लवकर थांबलं. ज्या उशिरा चालू झाल्या, त्यांच्यात ते चालूच राहिलं. रक्त परत आलं, प्राणवायू आला, तरी पेशीचा पैसा मोडीत निघतच होता. २०१६ सालच्या या कामानं निदान माझा तरी समज बदलला. किडनी प्राणवायूवाचून अडते हे ठाऊक होतं. प्राणवायू परत मिळाल्यावरही तिला तो वापरता येत नाही, हे नवीन होतं.

त्याच वर्षी त्याच गटानं दुसरीही गोष्ट दाखवली. उंदरांमध्ये प्राणवायू तुटला की सक्सिनेट नावाचा रेणू साठतो आणि रक्त परत आल्यावर तेच पेशीला जाळतं, असं २०१४ पासून जोरात मांडलं जात होतं. लायडनकरांनी माणसाच्या किडनीत तेच शोधलं, तर तो धागा तसा सापडला नाही. उंदराच्या किडनीवरून माणसाच्या किडनीची औषधं ठरवू पाहणाऱ्यांनी हे आवर्जून लक्षात ठेवावं.

दहावा दिवस

आता मूळ प्रकरण. हृदय थांबल्यानंतरच्या दात्यांकडून किडनी मिळालेल्या रुग्णांच्या लघवीचे नमुने चार वेळा घेतले: दहाव्या, ४२व्या, १८०व्या आणि ३६०व्या दिवशी. किडनी उशिरा चालू झाली की नाही हे ठरवायची त्यांची व्याख्या साधी होती. पहिल्या आठवड्यात सलग तीन दिवस क्रिएटिनिन रोज किमान दहा टक्क्यांनी उतरलं नाही, तर उशीर. अशी किडनी असलेले ५३ जण होते आणि नसलेले २२. म्हणजे दर दहांत सात जणांची किडनी झोपलेली. त्या ५३ पैकी १७ जणांची झोप २१ दिवस किंवा त्याहून जास्त लांबली. उरलेले ३६ त्याआधी सुटले. खरा प्रश्न या १७ आणि ३६ मधला होता. दोघांच्याही पिशवीत लघवी कमी, दोघांचंही क्रिएटिनिन वर, बरेचदा दोघंही डायलिसिसवर. वरून पाहता दोघांत काही फरक दिसत नाही.

लघवी एनएमआरमध्ये कशी वाचतात, ते थोडं जवळून पाहू. नमुना आधी फिरवून त्यातला गाळ काढतात. मग फॉस्फेटचं बफर घालून आम्लता एकसारखी करतात, कारण सायट्रेटसारख्या काही रेणूंच्या खुणा आम्लतेनुसार सरकतात आणि भलत्याच जागी दिसतात. बारीक काचेची नळी चुंबकात उतरवतात. हायड्रोजनचे अणू रेडिओलहरींना प्रतिसाद देतात आणि पडद्यावर डोंगररांगेसारखा आलेख उमटतो. पाण्याचं प्रचंड शिखर मुद्दाम दाबून टाकावं लागतं, नाहीतर बाकी काहीच दिसणार नाही. मग ओळखीच्या खुणा शोधायच्या. आलेखाच्या आडव्या मोजपट्टीवर (एकक पीपीएम) लॅक्टेट १.३३ पाशी, एकमेकांना चिकटून उभ्या असलेल्या दोन सुळक्यांसारखं. क्रिएटिनिनची दोन शिखरं, ३.०५ आणि ४.०६ च्या आसपास. फ्युमरेटचा एकुलता एक छोटा सुळका ६.५ पाशी, जिथे आजूबाजूला फारशी गर्दी नसते. व्हॅलिन, ल्युसिन, आयसोल्युसिन ही फांदीदार अमिनो आम्लं अगदी उजव्या कोपऱ्यात, १ च्या अलीकडे-पलीकडे, एकमेकांत मिसळलेली. रसायन बदलत नाही, नमुना नष्ट होत नाही, आणि एका वाचनात डझनावारी पदार्थांचं प्रमाण निघतं. या अभ्यासात ४७ पदार्थ मोजले.

दहाव्या दिवसाची लघवी नंतरच्या तिन्ही वेळांपेक्षा वेगळी दिसली. झोपलेल्या किडन्यांच्या लघवीत आठ पदार्थ वाढलेले होते, सहा घटलेले. आणि त्या १७ जणांमध्ये, ३६ जणांच्या तुलनेत, लॅक्टेट जास्त आणि पायरोग्लुटामेट कमी होतं. एकेकट्या पदार्थावर न थांबता संशोधकांनी सगळ्या पदार्थांची आपसातली गुणोत्तरं काढली. त्यातून दोन वर आली: लॅक्टेट भागिले फ्युमरेट, आणि तिन्ही फांदीदार अमिनो आम्लांची बेरीज भागिले पायरोग्लुटामेट. दोन्ही मिळून झोप लांबणार की नाही हे ०.८५ एयूसीनं सांगता आलं.

हा आकडा उलगडून सांगायला हवा, कारण जाहिरातीत तो "८५ टक्के अचूक" होऊन बसतो आणि ते चूक आहे. १७ आणि ३६ मधून एकेक माणूस घेऊन जोड्या लावल्या तर ६१२ जोड्या होतात. त्यातल्या सुमारे ५२० जोड्यांमध्ये चाचणी बरोबर माणसाकडे बोट दाखवते. उरलेल्या ९० च्या आसपास जोड्यांमध्ये उलट्या माणसाकडे. एका विशिष्ट रुग्णाच्या पलंगाशी उभं राहून "याची लांबणार" असं म्हणण्याची ती खात्री नव्हे.

गुणोत्तर का

या प्रकरणात मला सगळ्यात मोलाची वाटते ती ही गुणोत्तराची निवड. लघवी कधी पाण्यासारखी असते, कधी दाट. म्हणून प्रयोगशाळेत लघवीतल्या कुठल्याही पदार्थाला त्याच नमुन्यातल्या क्रिएटिनिननं भागायची रीत आहे. प्रथिनांसाठी आपण रोज तेच करतो. पण इथे किडनीच आजारी आहे, त्यात रुग्ण डायलिसिसवर. लघवीत उतरणारं क्रिएटिनिन स्वतःच डळमळीत आहे. ज्या काट्यावर भरवसा नाही त्यानं वजन करायचं कसं? दोन पदार्थांना एकमेकांनी भागलं की पाणी कमी-जास्त असण्याचा प्रश्न आपोआप मिटतो, कारण दोघंही त्याच पाण्यात आहेत.

आणि हे दोन पदार्थ निवांतपणे समजून घेतले तर त्यांना अर्थ आहे. लॅक्टेट म्हणजे साखर अर्धवट फोडल्याची राख. फ्युमरेट हा मायटोकाँड्रियातल्या क्रेब्ज चक्राचा, म्हणजे प्राणवायूच्या जोरावर ऊर्जा काढणाऱ्या प्रक्रियेचा, एक टप्पा. लॅक्टेट भरपूर आणि फ्युमरेट त्या मानानं थोडं, म्हणजे चूल धुमसतेय पण मोठी भट्टी पेटलेली नाही. ऑपरेशन टेबलावर अर्ध्या तासात जे दिसलं होतं, त्याची सावली दहा दिवसांनी लघवीत दिसते असं म्हणायला जागा आहे. फांदीदार अमिनो आम्लं निरोगी नलिका जवळजवळ सगळी परत ओढतात. ती लघवीत उतरली म्हणजे नलिकेचा हात सुटलाय. पायरोग्लुटामेट हे ग्लुटाथायोनच्या (पेशीला जपणाऱ्या एका रेणूच्या) चक्रातून येतं आणि त्या चक्राची वर्दळ किडनीच्या नलिकांमध्ये खूप असते. ते घटणं म्हणजे ती वर्दळ थंडावणं, असा माझा अर्थ आहे. अभ्यासानं तो सिद्ध केलेला नाही.

रक्तातलं क्रिएटिनिन यातलं काहीच सांगत नाही. ते स्नायूंतून येतं आणि किडनीनं न टाकल्यामुळे मागे किती उरलं, एवढंच दाखवतं. माक्स याफे यांनी १८८६ साली पिक्रिक आम्लाशी त्याची जी लाल-केशरी अभिक्रिया नोंदवली, तिच्यावर आधारलेली तपासणी आजही असंख्य प्रयोगशाळा करतात. ती स्वस्त आहे, भरवशाची आहे आणि मी तिच्या विरोधात नाही. पण डायलिसिस चालू असताना ती आंधळी होते, आणि नेमक्या त्याच दिवसांत डॉक्टरांना डोळ्यांची गरज असते. त्यामुळे किडनी झोपलेली असेपर्यंत दर सात ते दहा दिवसांनी बायोप्सी करावी, असं २००९ सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत म्हटलंय. झोपेच्या आड रिजेक्शन, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीचा नव्या किडनीवरचा हल्ला, लपलेलं असू शकतं, ही त्यामागची भीती आहे. म्हणजे नव्या किडनीत पुन्हा पुन्हा सुई. रक्तस्रावाचा धोका, पोटात गोळा घेऊन बसलेला रुग्ण, आणि बाहेर बाकड्यावर घरचे.

शंका

पहिली शंका त्यातल्या माणसांच्या संख्येची. ५३ जणांवरून (त्यात झोप लांबलेले फक्त १७) बांधलेलं गणित त्याच ५३ जणांवर तपासलेलं आहे. दुसऱ्या गावातल्या, दुसऱ्या दात्यांच्या किडन्यांवर ते किती टिकेल? अशा गणितांचं तेज घराबाहेर पडलं की कमी होतं, हा या क्षेत्राचा नेहमीचा अनुभव आहे.

दुसरी शंका लघवीतल्या जंतूंची. मूत्रमार्गाचा संसर्ग प्रत्यारोपणानंतर नित्याचा आहे आणि जंतूसुद्धा लॅक्टेट बनवतात. नमुना वॉर्डात दोन तास उघडा राहिला तरी आकडा बदलू शकतो. तिसरी औषधांची: पॅरासिटामॉलचे अवशेष, शस्त्रक्रियेच्या वेळी अनेक ठिकाणी दिलं जाणारं मॅनिटॉल, या सगळ्यांची शिखरं आलेखात घुसतात. मोठ्या मात्रेतल्या स्टिरॉइडनं स्नायू झिजतात आणि अमिनो आम्लं वाढतात. एनएमआर वाचणाऱ्यानं रुग्णाचा औषधांचा कागद शेजारी ठेवून बसायला हवं.

चौथी मला सगळ्यात टोचते. दहावा दिवस उशिराचा आहे. इंग्लंडमधल्या संशोधकांनी प्रत्यारोपण झालेल्यांच्या लघवीचा एनएमआर १९९३ सालीच काढून दाखवला होता. किडनी बिघडली की ट्रायमिथिलअमाइन ऑक्साइड वाढतं, हे त्यांना तेव्हा दिसलं. इतक्या वर्षांनी आपण निदान तिसऱ्या-चौथ्या दिवशी काही सांगू शकायला हवं होतं.

रिजेक्शनच्या बाबतीत मात्र गाडी थोडी पुढे आहे. कॅनडातल्या गटानं २०१४ साली ५७ मुलांच्या २७७ नमुन्यांमधून टी पेशींमुळे (एक प्रकारच्या प्रतिकारक पेशींमुळे) होणारं रिजेक्शन ०.८९ एयूसीनं ओळखलं. न्यूयॉर्क आणि कतार इथल्या वाइल कॉर्नेलच्या संशोधकांनी २०१६ साली २४१ जणांच्या १५१६ नमुन्यांमध्ये ७४९ पदार्थ मोजले आणि तेही शेवटी एका गुणोत्तरापाशीच आले: ३-सियालिललॅक्टोज भागिले झॅन्थोसिन. पण तो प्रश्न वेगळा, लायडनचा वेगळा. "शरीर किडनीवर चालून येतंय का" आणि "किडनी स्वतः कधी उठेल", या दोन प्रश्नांची गल्लत झाली तर झोपलेल्या किडनीला विनाकारण जबर औषधं दिली जातील.

इथे, आपल्याकडे

महाराष्ट्रात अजून बहुतेक किडन्या जिवंत दात्याच्या, म्हणजे आईच्या, बायकोच्या, भावाच्या असतात. त्या ऑपरेशन थिएटरच्या एका दारातून दुसऱ्या दारात जातात आणि बहुधा टेबलावरच लघवी करू लागतात. मृत्यूनंतरचं दान १९९४ च्या कायद्यानुसार आणि विभागीय समन्वय केंद्रांच्या यादीनुसार होतं, मुख्यतः मेंदूमृत दात्यांकडून. हृदय थांबल्यानंतरचं दान भारतात तुरळक आहे. जीवनरक्षक उपचार काढून घेण्याबाबत २०१८ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर वाट थोडी मोकळी झाली, पण ती रुळलेली नाही. त्यामुळे लायडनचे आकडे उचलून इथे लावता येणार नाहीत. तरी मेंदूमृत दात्याची किडनी हिरव्या मार्गिकेवरून शहर ओलांडून येते तेव्हा तिचेही तास थंड पेटीत गेलेले असतात, आणि तिच्या शेजारीही वही घेऊन बसलेला कुणीतरी असतो.

एनएमआरची मोठी चुंबकं आपल्याकडे आहेत, मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, लखनौच्या सेंटर ऑफ बायोमेडिकल रिसर्चमध्ये. तेवढं मोठं यंत्र प्रत्येक रुग्णालयात येणार नाही आणि यायची गरजही नाही. लॅक्टेट, फ्युमरेट, पायरोग्लुटामेट आणि तीन अमिनो आम्लं, एवढे सहाच पदार्थ मास स्पेक्ट्रोमीटरवर (रेणू वस्तुमानावरून ओळखणाऱ्या यंत्रावर) मोजता येतात, आणि ते यंत्र आता मोठ्या शहरांतल्या खासगी प्रयोगशाळांतही नवजात बाळांच्या तपासणीसाठी चालतं. आपल्याकडे एवढं तरी सुरू करता येईल: पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आणि दहाव्या दिवसाची लघवी, घेतल्याबरोबर फिरवून, छोट्या नळ्यांमध्ये वाटून, उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये. नळीवर वेळ, त्या दिवशीचं डायलिसिस, चालू औषधं आणि लघवीतल्या जंतूंच्या तपासणीचा (कल्चरचा) निकाल. रुग्णाला अगोदर नीट समजावून, मराठीत छापलेल्या संमतिपत्रावर त्याची सही. सकाळी आठ वाजता पिशवी रिकामी करून कमोडमध्ये ओतण्याआधी त्यातली दहा मिलिलिटर बाजूला काढायला नर्सला दोन मिनिटं लागतील.